मागची तारीख

३ फेब्रुवारी

बाबा,

वडिलांना लिहिताना 'तीर्थरूप' अशी सुरुवात करायची असते, हे मला माहीत आहे. पण ते वाचून तुम्ही 'आता कशाला' म्हणाल, म्हणून नुसतं बाबा. माझा फोन तुम्ही उचलत नाही. दादा उचलतो, पण ओरडण्यासाठी, आणि ओरडून झालं की फोन वहिनीकडे देतो. वहिनी 'जेवलीस का' विचारते आणि ठेवून देते. त्यापेक्षा पत्र बरं.

तुम्ही त्या वृद्धाश्रमात जाऊन आज चोवीस दिवस झाले. घर आहे तसं आहे. तुमची स्टीलची पट्टी टेबलावरच राहिली आहे.

जे झालं ते कसं झालं, हे निघताना तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. आता ऐका. आमच्या कामात जाहिरात मांडताना खरा फोटो आलेला नसतो. तेव्हा जागा धरून ठेवायला हाताशी असेल तो फोटो टाकतात, त्याला डमी म्हणतात. खरा आला की डमी काढायचा. मी त्याच वृद्धाश्रमाच्या जाहिरातीत तुमचा फोटो डमी म्हणून टाकला होता. आमच्या कॉलेजात शनिवारी शिकवणाऱ्या सरांच्या स्टुडिओतलं ते काम. तेच, ज्यांना सगळा वर्ग खोडरबर म्हणतो, कारण काहीही दाखवलं की ते 'काढ' एवढंच म्हणतात. वर्गातल्या दोघांनाच त्यांनी खऱ्या कामावर घेतलं, त्यात मी होते, हे तुम्हीच शेजारी सांगत फिरला होतात. खरा फोटो एका म्हाताऱ्या नटाचा यायचा होता. छापखान्यात चुकीची फाइल गेली. एवढंच झालं.

आणि चौकातल्या सिग्नलसमोर तुम्ही वीस फूट उंच उभे राहिलात. उभे कुठले, बसलेले. पलंगाच्या कडेवर, सदऱ्याचं एक बटण वरखाली लागलेलं, नजर दाराकडे. खाली मोठ्या अक्षरांत: 'यांना कुणी नाही. आम्ही आहोत.'

खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, मुलांशी काही बिनसलंय का. दादाला त्याच्या मित्राने फोटो पाठवला. तुम्ही मात्र आवाजही चढवला नाहीत. चौकात जाऊन फलक बघून आलात आणि बॅग काढलीत. "वेष्टनावर लिहिलंय ते आत असायला पाहिजे," एवढंच म्हणालात. वजनमाप निरीक्षकाच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत तुम्ही हे वाक्य बिस्किटाच्या पुड्यांबद्दल आणि तेलाच्या डब्यांबद्दल म्हणत आलात. मला वाटलं, रागाच्या भरात आहात, संध्याकाळपर्यंत याल.

फलक मागच्या आठवड्यात उतरवला. माफ करा, बाबा. चूक छापखान्याची असली तरी फोटो मी काढलेला होता. घरी या.

धाकटी

१२ फेब्रुवारी

बाबा,

आधीचं पत्र मिळालं असेल. उत्तराची वाट बघते आहे, पण घाई नाही.

इकडे शेवटच्या सत्राची धावपळ चालू आहे. वर्गात सगळ्यांच्या भिंती भरल्या. प्रत्येकाला वर्षभराचं काम एका भिंतीवर मांडायचं असतं आणि बाहेरून आलेले लोक ते बघून गुण देतात. माझ्या भिंतीवर पहिल्या वर्षाचा तो बिस्किटाचा पुडाही आहे. आठवतो? मी वजनाचा आकडा इतका बारीक ठेवला होता की तुम्ही पट्टी लावून म्हणालात, "हा आकडा आहे की मुंगी मेली आहे?" मी चिडले होते. म्हटलं, बाबा, मोठा केला तर सगळं बिघडतं. तुम्ही म्हणालात, "ज्याला तो वाचायचाय त्याला चष्मा आहे, हे धरून चाल." शनिवारी खोडरबर तोच आकडा बघून म्हणाले, "हे कुणी सांगितलं तुला? बरोबर आहे." मी तुमचं नाव सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

बरं, एक छोटंसं काम आहे. सोबत फॉर्म आहे. कॉलेजने नवीनच काढलंय: ज्या कामात माणसाचा फोटो आहे, त्या माणसाची संमती जोडायची, आणि ती फोटो काढण्याआधी घेतलेली असायला हवी. गेल्या वर्षी कुणाचं तरी भांडण झालं म्हणून हे आमच्या बोकांडी. वृद्धाश्रमाची जाहिरात हे माझं मुख्य काम आहे. ते भिंतीवरून उतरलं तर वर्ष गेलं. दहा मार्चपर्यंत द्यायचाय.

जिथे लिहायचं तिथे मी पेन्सिलने फुल्या केल्या आहेत. नाव, वय, संमती, तारीख, सही. खाली छायाचित्रकाराशी नातं विचारलंय, तेही भरा. जपून भरा, खाडाखोड झाली तर फॉर्म बाद होतो आणि प्रत्येक कामाला क्रमांक घातलेला एकच मिळतो. तारीख चौदा ऑक्टोबरच्या आधीची कुठलीही टाका, फोटो त्या दिवशीचा आहे.

मागच्या तारखेबद्दल तुमचं काय मत आहे ते मला पाठ आहे. त्या मोठ्या गोदामाचा काटा तपासल्याच्या दाखल्यावर तुम्ही मागची तारीख घालायला नकार दिलात आणि साहेबांनी तुम्हाला चार वर्षं अडगळीच्या खोलीत जुनी वजनं मोजायला बसवलं. आई ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगायची, चहा गार होईपर्यंत. पण हा काटा नाही, बाबा. कॉलेजचा कागद आहे. याच्याने कुणाला माल कमी मिळणार नाही.

तब्येतीला जपा.

धाकटी

२१ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं उत्तर मिळालं.

माझंच पहिलं पत्र, माझ्याच पाकिटासकट. पत्रावरच्या तीन तारखेभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ. पाकिटावर टपालाच्या शिक्क्यातल्या अकरा तारखेभोवती दुसरं. मध्ये रेघ, आणि रेघेवर '८ दिवस'. बाकी एक अक्षर नाही. दुकानदारांना नोटीस पाठवतानाही तुम्ही खाली सही तरी करायचात.

पहिल्यांदा लिहायला बसले होते की पत्र पर्समध्ये राहिलं, टाकायला विसरले. मग माझं मलाच हसू आलं. ज्या माणसाने एकतीस वर्षं किराणावाल्यांची कारणं ऐकली, त्याला मी हे सांगणार.

तर खरं सांगते. फॉर्मची नोटीस नऊ फेब्रुवारीला लागली. पत्र मी दहाला लिहिलं. वर तीन तारीख टाकली, म्हणजे माफी आधी मागितली आणि काम नंतर निघालं असं दिसावं. चोवीस दिवससुद्धा मी मागे मोजून बरोबर बसवले. तेवढं मात्र तुमच्याकडूनच शिकले.

मापात पाप केलं, कबूल. पण आता तुम्हीही थोडं ऐका.

तुम्ही गेल्यावर महिनाभर मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, कारण मला लाज कमी आणि राग जास्त होता. तुम्ही मला शिक्षा करायला स्वतःला नेऊन तिथे ठेवलंत. दोन थोबाडीत दिल्या असत्यात तर विषय संपला असता. आई गेली तेव्हा दादा म्हणाला, माझ्याकडे चला. तुम्ही म्हणालात, "धाकटीचं शिक्षण व्हायचंय." झालं. तेव्हापासून दोन वर्षं जो येईल तो मला ऐकवून गेला की बाबा तुझ्यासाठी राहिले हो. मी तुम्हाला राहा म्हटलं नव्हतं.

आणि रोज संध्याकाळी तुमचं ते बसणं. मला कॉलेजातून यायला सात वाजोत की आठ, तुम्ही पलंगाच्या कडेवर, दिवा न लावता, दाराकडे तोंड करून. रागावणं नाही, विचारणं नाही. नुसतं "आलीस". वर्गातली बाकीची मुलं छापखान्यात जाऊन शाई कशी बसते ते बघत उभी राहायची आणि मी घड्याळ बघायचे, कारण घरी कुणीतरी अंधारात बसलेलं असायचं. त्या एका शब्दाचा मला वीट आला होता.

हे लिहिल्यावर तुम्ही फॉर्म पाठवणार नाही, हे कळतंय मला. तरी लिहिलं. या पत्रावरची तारीख शिक्क्याशी ताडून बघा, आजची आहे.

धाकटी

२ मार्च

बाबा,

काल रविवारी मी आले होते, हे तुम्हाला सांगितलंच असेल. फाटकाजवळच्या बाकावर दीड तास बसले. तिथल्या मावशी दोनदा आत जाऊन आल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "ते कामात आहेत." मी विचारलं, कसल्या कामात. तर म्हणाल्या, "बाई गं, तुझे वडील आहेत का ते? आमच्या स्वयंपाकघरातला काटा पन्नास ग्रॅमने मागे आहे म्हणून त्यांनी लिहून दिलंय. कपाटातलं ते रंगीत माहितीपत्रक घेऊन फिरत असतात आणि त्यातल्या एकेका ओळीवर खुणा करतात. दिवसातून दोनदा फेरफटका लिहिलंय, एकदाच होतो. फुली. गरम पाणी लिहिलंय, येतं. बरोबर. मालक वैतागलेत, पण बाकीचे म्हातारे जाम खूश आहेत."

ते माहितीपत्रक मीच केलंय, बाबा. त्यातल्या ओळी तपासायला हव्यात हे माझ्या किंवा खोडरबरच्या डोक्यातही आलं नव्हतं. आम्ही फक्त त्या किती रुंद बसतात ते बघितलं.

निघताना व्हरांड्यात तुमची पाठ दिसली. खुर्ची तुम्ही भिंतीकडे तोंड करून लावली आहे. सगळ्यांच्या खुर्च्या फाटकाकडे आहेत, तुमचीच तेवढी उलटी. मावशी म्हणाल्या, पहिल्या दिवशीच फिरवून घेतली.

तिथे जे सांगायला आले होते ते आता लिहिते. फॉर्मसाठी नाही लिहीत. पाठवू नका हवं तर.

छापखान्यात चूक झाली नव्हती. चुकीची फाइल गेली नव्हती.

नटाचे फोटो वेळेवर आले होते. छान होते, उजेड सारखा, चेहऱ्यावर हवं तेवढं दुःख. खोडरबरनी ते आणि माझा डमी शेजारी शेजारी भिंतीवर लावले. बराच वेळ बघत राहिले. अडीच वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'काढ' सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. ते तुमच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "हा राहू दे."

तुम्हाला कसं सांगू त्या तीन शब्दांचं काय झालं ते.

मग त्यांनी विचारलं, "कोण आहेत हे? परवानगी आहे ना?" माझे वडील आहेत म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे काढायला लावला असता. घरच्या माणसांचे फोटो ते चालू देत नाहीत. म्हणतात, आपल्या माणसाचा फोटो चांगला आहे की माणूस आवडतो म्हणून चांगला वाटतो, ते कळत नाही. मी म्हणाले, "परवानगी आहे. ओळखीतले आहेत." आणि ते अजून बघतच होते, म्हणून मी पुढे म्हणाले, "यांना कुणी नाही."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. तीच जाहिरातीची ओळ झाली. ती कुठल्या लेखकाने लिहिली नाही, बाबा, मी बोलले. छापण्याआधी तपासणीची प्रत आली, तिच्यावर 'बरोबर आहे' लिहून सही करायची असते. ती सहीही माझी आहे.

अजून एक राहिलं. फोटो कधी काढला ते. चौदा ऑक्टोबरला मी आठच्या सुमाराला आले. दार लोटलेलं होतं. तुम्ही कडेवर बसला होतात आणि जिन्यातला उजेड तुमच्या अर्ध्या तोंडावर पडला होता. मी दिसले तसं तुम्ही 'आलीस' म्हणायला तोंड उघडलंत. मी म्हणाले, "हलू नका." तुम्ही हलला नाहीत. मी चार फोटो घेतले आणि मग चपला काढल्या. त्या दिवशी आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

फलकावर जो माणूस कुणाचीतरी वाट बघताना दिसतो, तो माझी वाट बघतोय. त्याच्यासमोर उभं राहून मी त्याला कुणी नाही असं ठरवलं.

धाकटी

१० मार्च

बाबा,

फॉर्म आज सकाळच्या टपालाने आला. सोबत चिठ्ठी नाही, ती असेल असं मी धरलंही नव्हतं.

दारातच उघडला. नाव, वय, संमती: होय. खाली तुमची सही, शाईने, त्या ठाम रेघेसकट. मला इतका आनंद झाला की मी जिन्यातच बसले. मग तारीख वाचली. १३ ऑक्टोबर.

तुम्ही मागची तारीख घातलीत. एकाच्या आकड्याला तुम्ही शेपूट काढता, ते नेहमीसारखं काढलंय, हात कुठे अडखळलेला नाही. ज्या हाताने साहेबाला नाही म्हटलं आणि चार वर्षं जुनी वजनं मोजली, त्याच हाताने. आईने इतक्या लोकांना सांगितलेली ती गोष्ट आता मला कुणाला सांगता येणार नाही. मी मागितलं होतं, तुम्ही दिलंत. तुम्ही नाहीच म्हणाल याची मला इतकी खात्री होती की मागताना भीतीच वाटली नव्हती.

मग शेवटचा रकाना. 'छायाचित्रकाराशी नातं'. तुम्ही लिहिलंय: 'काही नाही.'

मी खूप वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसले. आधी वाटलं, राग आहे. मग फॉर्मच्या तळाची ती ओळ दिसली, खाडाखोड चालणार नाही. तुम्ही फॉर्मवरची बारीक अक्षरं आधी वाचता. 'काही नाही' खोडून 'मुलगी' लिहिलं की कागद बाद, आणि कागदाबरोबर वर्ष. तसंच राहू दिलं की कागद चोख. तुम्ही रागावला नव्हतात, काटा लावला होतात. एका पारड्यात तुम्ही कागद ठेवलात, दुसऱ्यात काय ठेवायचं ते माझ्यावर सोडलंत.

पेन माझ्या पर्समध्ये होतं. कॉलेजच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर मी चाळीस मिनिटं बसले. दोनदा पेन काढलं. खोडरबर जाताना थांबले आणि म्हणाले, "बाहेरून येणाऱ्यांना सगळ्यात आधी तुझीच भिंत दाखवणार आहे. एक जूनपासून स्टुडिओत ये." मी 'हो सर' म्हणाले आणि पेन परत ठेवलं. हे मी तुमच्यापासून लपवू शकले असते. पुढे काय झालं तेही आहे तसं लिहिते, तुम्ही तपासणारच.

क्लार्कने फॉर्म घेतला, वरपासून खाली बोट फिरवलं आणि माझं ओळखपत्र मागितलं. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं.

"आडनाव एकच दिसतंय," तो म्हणाला.

"असतात," मी म्हणाले.

"नाही, नात्यातले असले तर तसं लिहायला लागतं. घाईत चुकलं असेल तर आत्ता सांगा. सरांना विचारून दुसरा फॉर्म देतो, पुन्हा सही घेऊन या. चार दिवस सवलत मिळेल."

चांगला माणूस होता. चार दिवस देत होता. चार दिवसांत मला तुमच्याकडे येता आलं असतं, त्या उलट्या खुर्चीसमोर भिंतीला पाठ लावून उभं राहता आलं असतं. पण नव्या फॉर्मवर तुम्ही कुठली तारीख घालाल, ते आता मला सांगता येत नव्हतं. आणि मुलगी म्हटलं की खोडरबरना सगळं कळणार होतं. मागे पाचसहा जण रांगेत होते.

"तुमचे कोण हे?" त्याने पुन्हा विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले.

त्याने शिक्का मारला. शिक्क्यावर आजचीच तारीख आहे.